हात कुठे थांबतो? अमेरिकेतल्या माजी सैनिकांची खांद्याची भरपाई आणि अपिलाची लढाई

एक छोटी गोष्ट करून बघा. सरळ उभे राहा, हात बाजूला सोडा आणि हळूहळू बाजूने वर न्या. मांडीला चिकटलेला हात म्हणजे शून्य अंश. खांद्याच्या रेषेत आला की ९० अंश. कानाला लागला की १८०. धडधाकट माणसाचा हात विनातक्रार १८० पर्यंत जातो.

आता समजा हा हात अमेरिकेच्या एका माजी सैनिकाचा आहे. तो ९० वर अडला की एक रक्कम, ४५ वर अडला की दुसरी, २५ वरच थांबला की तिसरी. त्यातही तो उजवा हात आहे की डावा, आणि माणूस उजवा आहे की डावखुरा, यावर रक्कम पुन्हा बदलते. एवढ्याशा कोनासाठी तिथले माजी सैनिक वर्षानुवर्षं अपील लढतात. खांद्याच्या काही प्रकरणांनी तर सगळ्या दाव्यांचे नियमच बदलून टाकले.

मुळात ही भरपाई काय असते?

अमेरिकेत माजी सैनिकांसाठी वेगळं खातं आहे, डिपार्टमेंट ऑफ व्हेटरन्स अफेअर्स. सगळे त्याला व्हीए म्हणतात. नोकरीत असताना झालेल्या किंवा नोकरीमुळे बळावलेल्या दुखण्यासाठी व्हीए दर महिन्याला करमुक्त रक्कम देतं. ही निवृत्तिवेतनापेक्षा वेगळी गोष्ट आहे. वीस वर्षं नोकरी केलेल्यालाही मिळते आणि दोन वर्षांत घरी आलेल्यालाही. हुद्द्याशीही तिचा संबंध नाही. जनरल आणि साधा शिपाई, दोघांचं अपंगत्व सारखं असेल तर रक्कम सारखीच.

अपंगत्व शून्य ते १०० टक्के असं दहा-दहाच्या पायऱ्यांनी मोजलं जातं. डिसेंबर २०२४ मध्ये लागू झालेल्या दरांनुसार एकट्या माणसाला २० टक्क्यांना महिन्याला ३४६.९५ डॉलर आणि ३० टक्क्यांना ५३७.४२ डॉलर मिळत होते. फरक १९० डॉलरचा, म्हणजे वर्षाला साधारण २,२८५. शिवाय ३० टक्क्यांपासून बायको-मुलांसाठी जादा रक्कम सुरू होते, २० वर ती मिळत नाही. म्हणून २० आणि ३० मधली ही एक पायरी दिसते त्यापेक्षा बरीच उंच आहे.

खांदाच का?

कारण सैन्यातलं काम खांद्यावर चालतं, अगदी शब्दशः. पाठीवरच्या बोजाचे पट्टे, रोजच्या पुश-अप्स, पॅराशूटची उडी, तोफगोळे उचलणं, विमानाच्या पोटाखाली हात वर करून तासन्‌तास पाने फिरवणं. खांदा हा शरीरातला सगळ्यात जास्त फिरणारा सांधा आहे आणि त्याची किंमत तो स्थैर्य गमावून मोजतो. खोबणी उथळ असते, गोळा मोठा असतो. त्याला जागेवर धरायचं काम चार स्नायूंचा एक पट्टा करतो, त्याला रोटेटर कफ म्हणतात. तो फाटतो, खोबणीच्या कडेची कूर्चा सुटते, सांधा निखळतो, किंवा एकदा निखळला की पुन्हा पुन्हा निखळत राहतो.

गंमत अशी की यातली बरीचशी दुखणी त्या वेळी फार मोठी वाटत नाहीत. पंचविशीतला जवान शेक घेतो, गोळी खातो आणि दुसऱ्या दिवशी परेडला उभा राहतो. आजारी म्हणून नाव लागलं तर बढती, कोर्स, तुकडी सगळ्यावर पाणी. कागदावर काहीच येत नाही. पन्नाशीत कपाटाच्या वरच्या फळीवरचा डबा काढता येईनासा होतो, तेव्हा पुराव्याची गरज लागते.

कोनांचं कोष्टक

व्हीएच्या नियमावलीत प्रत्येक सांध्याला क्रमांक आहेत. खांद्याचे मुख्य क्रमांक ५२०० ते ५२०३. त्यातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा ५२०१, म्हणजे हाताची हालचाल कमी होणं. त्याचा हिशोब असा :

हात खांद्याच्या रेषेपर्यंतच, म्हणजे ९० अंशांवर थांबत असेल तर २० टक्के, हात कुठलाही असो. ४५ अंशांवर थांबत असेल तर मुख्य हाताला ३० आणि दुसऱ्या हाताला २०. फक्त २५ अंश जात असेल तर मुख्य हाताला ४० आणि दुसऱ्याला ३०.

मुख्य हात म्हणजे ज्याने माणूस लिहितो, जेवतो, काम करतो तो. दोन्ही हातांनी सारखंच काम करणारा असेल तर जो हात जखमी आहे तोच मुख्य धरतात. बाकी या कोष्टकात एक विचित्र गोष्ट आहे. दुसरा हात ९० वर थांबला तरी २० आणि ४५ वर थांबला तरी २०. म्हणजे डाव्या खांद्याची निम्मी हालचाल आणखी गेली तरी उजव्या माणसाच्या पदरात एक डॉलर जास्त पडत नाही. नियम करणाऱ्यांना हे पटलं असेल, डावा खांदा गेलेल्यांना पटणं अवघड आहे.

सांधा पूर्ण गोठून गेला तर ५२०० लागू होतो आणि तो मुख्य हाताला ५० टक्क्यांपर्यंत जातो. वारंवार निखळणं ५२०२ मध्ये येतं, कॉलरबोन आणि पाठीकडच्या फऱ्याचं हाड ५२०३ मध्ये. कृत्रिम सांधा बसवला तर शस्त्रक्रियेनंतर एक वर्ष १०० टक्के, त्यानंतर त्रास बघून, पण मुख्य हाताला किमान ३० आणि दुसऱ्याला किमान २०. सांधा न बदलता नुसती शस्त्रक्रिया झाली आणि सावरायला निदान महिनाभर लागणार असेल, तर त्या काळापुरते तात्पुरते १०० टक्के मागता येतात. हे कित्येकांना माहीतच नसतं.

आणखी एक. हात समोरून वर नेणं आणि बाजूने वर नेणं या दोन वेगळ्या हालचाली आहेत, मग दोन वेगळे टक्के का नाहीत? हा प्रश्न एका माजी सैनिकाने २०१३ मध्ये फेडरल सर्किट या वरच्या कोर्टापर्यंत नेला. योनेक विरुद्ध शिन्सेकी या निकालात कोर्टाने नाही म्हटलं. एका खांद्याला ५२०१ खाली एकच टक्केवारी.

हात वर जातो, पण जीव जातो : त्याचं काय?

इथेच सगळ्यात जास्त अपिलं होतात. तपासणीच्या खोलीत डॉक्टर म्हणतात, हात वर करा. जवान दात-ओठ खाऊन करतो. कोन भरतो १५०. कागदावर खांदा जवळपास ठणठणीत!

१९९५ च्या डेलुका विरुद्ध ब्राऊन या निकालाने यावर बोट ठेवलं, आणि ते प्रकरण खांद्याचंच होतं. माजी सैनिकांच्या अपील कोर्टाने सांगितलं की नुसता कोन मोजून भागणार नाही. दुखण्यामुळे, थकव्यामुळे, हात कमजोर पडल्यामुळे, वारंवार वापरल्यावर आणि दुखणं उचल खातं त्या दिवसांत हालचाल आणखी किती कमी होते, तेही डॉक्टरने अंशांत सांगायचा प्रयत्न केला पाहिजे. आजही व्हीएच्या तपासणी अर्जात हे प्रश्न असतात ते या निकालामुळे.

मग डॉक्टरांनी एक पळवाट काढली. माझ्यासमोर आज दुखणं उसळलेलं नाही, त्यामुळे अंदाज करता येत नाही, असं लिहून मोकळं व्हायचं. २०१७ च्या शार्प विरुद्ध शुल्किन या निकालाने ती बंद केली. तपासणीच्या दिवशी त्रास उसळला नव्हता एवढं कारण पुरेसं नाही. माणसाला विचारा, जुने कागद बघा आणि मग अंदाज द्या, नाही देता आला तर का ते नीट सांगा. त्याआधी २०१६ मध्ये कोरेया निकालाने सांगितलं होतं की स्वतः हलवलेला हात आणि डॉक्टरने हलवलेला हात, दोन्ही तपासा, आणि शक्य असेल तिथे समोरचा चांगला सांधाही मोजून बघा.

कोन मोजायला गोनिओमीटर नावाचं कोनमापक वापरलंच पाहिजे, असं नियमावलीत स्पष्ट आहे. नजरेने अंदाजपंचे आकडा टाकला असेल तर तोही अपिलाचा मुद्दा होतो.

दुखण्याबद्दलचा आणखी एक नियम लक्षात घेण्यासारखा आहे. हालचाल पूर्ण आहे पण ती करताना दुखतं, असं असेल तर त्या सांध्याला कोष्टकातली सगळ्यात खालची पायरी तरी द्यायची. ५२०१ मधली सगळ्यात खालची पायरी १० नसून २० आहे. त्यामुळे दुखऱ्या खांद्याला १० टक्के देणारं पत्र आलं तर ते कोणत्या क्रमांकाखाली दिलंय, हे तपासून बघायला हवं.

मात्र नुसतं दुखणं म्हणजे हालचाल कमी होणं नव्हे, हेही कोर्टाने २०११ मध्ये सांगितलंय. दुखण्यामुळे काय करता येत नाही ते दाखवावं लागतं. म्हणून "खूप दुखतं" पेक्षा "शर्ट घालताना आधी हा हात बाहीत घालावा लागतो, या कुशीवर झोपता येत नाही, महिन्यातून चार दिवस गाडीचं स्टिअरिंग एका हाताने धरतो" हे वाक्य उपयोगी पडतं. सैनिकाला सवय असते "ठीक आहे सर" म्हणायची. तपासणीच्या खोलीत ती महागात पडते.

पहिली अडचण : हे दुखणं सैन्यातलं कशावरून?

टक्केवारी ही पुढची गोष्ट. त्याआधी तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. आज दुखणं आहे, नोकरीत काहीतरी घडलं होतं, आणि या दोघांमध्ये दुवा आहे.

बहुतेक दावे तिसऱ्यावर आपटतात. सुटी झाली तेव्हाच्या तपासणीत खांदा ठीक लिहिलाय, मधली वीस वर्षं उपचाराचा कागद नाही, आताची झीज वयामुळे आहे, असं उत्तर येतं. इथे डॉक्टरच्या पत्रातले शब्द निर्णायक ठरतात. "असू शकेल" किंवा "शक्यता नाकारता येत नाही" असं पत्र अंदाज म्हणून बाजूला पडतं. लागतं ते असं मत, की दुखणं नोकरीमुळे असण्याची शक्यता नसण्याच्या शक्यतेएवढी तरी आहे, आणि त्यामागचं कारण. म्हणजे ५०-५० पुरे. पुरावा दोन्ही बाजूंनी सारखा असेल तर निकाल सैनिकाच्या बाजूने द्यायचा, असा कायदाच आहे. १९९० च्या गिल्बर्ट निकालात कोर्टाने त्यासाठी बेसबॉलची उपमा दिली होती : बरोबरी झाली तर धावणारा नाबाद. क्रिकेटमधल्या संशयाच्या फायद्याशी आपण त्याची तुलना करू शकतो.

आणि कागदच जळाले असतील तर?

हे कल्पनेतलं उदाहरण नाही. १२ जुलै १९७३ ला मिसुरी राज्यात सेंट लुईसजवळच्या सरकारी दफ्तराला आग लागली आणि सैनिकांच्या १.६ ते १.८ कोटी फायली नष्ट झाल्या. १९१२ ते १९६० या काळात लष्करातून सुटलेल्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांचे कागद त्यात गेले. दुसऱ्या प्रती नव्हत्या, मायक्रोफिल्म नव्हती.

त्यात गेलेल्या फायलींपैकी एक जँड्रो नावाच्या सैनिकाची होती. १९५० च्या दशकात प्रशिक्षणात आपला उजवा खांदा निखळला होता, असं त्याचं म्हणणं. पुरावा काय? त्या वेळच्या एका सोबत्याचं लेखी निवेदन. व्हीएच्या अपील मंडळाने म्हटलं, खांदा निखळला होता हे ठरवणं डॉक्टरचं काम, तुम्हा दोघांचं नाही. २००७ मध्ये फेडरल सर्किटने हे चुकीचं ठरवलं. कागद जळाले म्हणून पुराव्याचा निकष ढिला करायला कोर्टाने नकार दिला, पण सामान्य माणूस कधीकधी स्वतःच्या दुखण्याबद्दल साक्ष देऊ शकतो, हे मान्य केलं. पाय मोडला हे कळायला डॉक्टर लागत नाही, कर्करोग कळायला लागतो. निखळलेला खांदा यातल्या कुठल्या बाजूला बसतो, ते तपासायला प्रकरण परत पाठवलं. आज बायकोचं, सोबत्याचं, जुन्या सार्जंटचं निवेदन दाव्याला जोडलं जातं, त्यामागे हा निकाल मोठा आधार आहे.

दुव्याचा आणखी एक रस्ता आहे. एक खांदा आधीच मान्य झालेला असेल आणि त्याला जपता जपता दुसऱ्यावर ताण येऊन तो गेला, तर दुसराही त्याचाच परिणाम म्हणून मागता येतो. डॉक्टरचं मत इथेही लागतं. दोन्ही हात मान्य झाले की वेगळं गणित लागू होतं. समजा उजव्याला ३० आणि डाव्याला २०. व्हीए सरळ बेरीज करत नाही. ३० गेले की ७० उरले, त्याचे २० टक्के १४, एकूण ४४, जवळचा दहाचा आकडा ४०. पण दोन्ही बाजूंचे हात असल्यामुळे ४४ चा दहावा हिस्सा, ४.४, वर मिळतो. झाले ४८.४, म्हणजे ५० टक्के. हा हिस्सा धरायचा राहिला तर डिसेंबर २०२४ च्या दरांनी महिन्याला जवळपास ३२८ डॉलरचा फटका.

नकाराचं पत्र आलं, पुढे?

२०१७ मध्ये अपिलाचा कायदा बदलला आणि १९ फेब्रुवारी २०१९ पासून नवी पद्धत सुरू झाली. आता तीन वाटा आहेत आणि चुकीची वाट धरली तर वेळ वाया जातो.

पहिली वाट पूरक दाव्याची. हातात नवा आणि कामाचा पुरावा असेल तर ही. डॉक्टरचं दुव्याबद्दलचं पत्र नव्हतं, ते आता मिळालं. सोबत्याचा पत्ता लागला. नवा एमआरआय झाला. खांद्याच्या नकारांमध्ये बऱ्याचदा हीच वाट शहाणपणाची ठरते, कारण नकार मुळात पुरावा कमी पडला म्हणून आलेला असतो.

दुसरी, वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरतपासणी. इथे नवा कागद चालत नाही. पुरावा फायलीत होता पण वाचणाऱ्याने चूक केली, असं असेल तेव्हा ही घ्यायची. गोनिओमीटर वापरला नाही, दुखणं उसळतं त्या दिवसांबद्दल प्रश्नच विचारला नाही, उजव्या माणसाला डावखुरा धरलं, अशा चुका. फोनवर अधिकाऱ्याला चूक दाखवून देण्याची एक संधीही मागता येते.

तिसरी, वॉशिंग्टनमधल्या अपील मंडळाकडे. तिथेही तीन रांगा : आहे त्या कागदांवर निकाल, ९० दिवसांत नवा पुरावा देऊन निकाल, किंवा न्यायाधीशासमोर सुनावणी. सुनावणीची रांग सगळ्यात हळू सरकते.

या सगळ्यात एक आकडा विसरायचा नाही : एक वर्ष. पत्रावरच्या तारखेपासून वर्षाच्या आत पुढचं पाऊल टाकलं तर मूळ दाव्याची तारीख टिकते आणि शेवटी जिंकल्यावर तेव्हापासूनची थकबाकी मिळते. वर्ष उलटलं तर पूरक दावा करता येतो, पण पैसे नव्या तारखेपासून. मंडळाने नकार दिला तर १२० दिवसांत कोर्टात जाता येतं.

हे कोर्ट तसं नवं आहे. १९८८ चा कायदा होईपर्यंत व्हीएच्या निर्णयाविरुद्ध कोर्टात दादच मागता येत नव्हती. वकिलाची फी तर १८६४ पासून १० डॉलरवर बांधलेली होती. लबाड वकिलांपासून सैनिकाला वाचवायला केलेला नियम सव्वाशे वर्षं तसाच राहिला आणि शेवटी त्याला वकीलच मिळेनासा झाला. आता मान्यताप्राप्त वकील थकबाकीतून हिस्सा घेतो. २० टक्क्यांपर्यंतचा वाजवी धरतात, एक तृतीयांशाच्या वर गेला तर अवाजवी. पहिला दावा भरायला मात्र पैसे घेणं बेकायदा आहे. डिसेबल्ड अमेरिकन व्हेटरन्स, अमेरिकन लीजन यांसारख्या संघटना ते काम फुकट करतात. तरीही मान्यता नसलेल्या सल्लागार कंपन्या हजारो डॉलर उकळतात आणि सोशल मीडियावर त्यांच्याच जाहिराती जास्त दिसतात.

वाढ मागितली तर आहे तेही जाईल का, ही भीती बऱ्याच जणांना असते. धोका अगदीच नाही असं नाही, फेरतपासणीत खांदा सुधारलेला दिसला तर टक्के कमी करण्याची नोटीस येऊ शकते. पण वीस वर्षं सलग टिकलेली टक्केवारी, फसवणूक नसेल तर, खाली येत नाही. दहा वर्षं मान्य असलेला सेवेशी संबंधही सहसा तोडता येत नाही.

आपल्याकडे कसं आहे?

भारतात हिशोब वेगळा आहे. इथे नोकरीमुळे झालेलं किंवा बळावलेलं अपंगत्व किमान २० टक्के असावं लागतं आणि ते सुटीच्या वेळचं वैद्यकीय मंडळ ठरवतं. रक्कम शेवटच्या पगाराशी जोडलेली असते, १०० टक्क्यांना पगाराच्या ३० टक्के. पण आपल्याकडे आकडा वर ओढण्याची सोय आहे : ५० च्या आतलं अपंगत्व ५० धरलं जातं, त्यापुढचं ७५ पर्यंतचं ७५ आणि त्याहून जास्त असेल तर १००. त्यामुळे ३० टक्क्यांचा खांदा इथे ५० चा होतो, आणि अंशांवरून होणारी भांडणं कमी राहतात. भांडण होतं ते दुखणं नोकरीमुळे आहे की नाही यावर. २०१३ च्या धरमवीर सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असं धरायचं आणि तसं नव्हतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. खात्यातली दोन अपिलं फेटाळली गेली तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जाता येतं. त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. कागदपत्रांच्या मदतीसाठी आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठता येतं.